पाचव्या घरची चिंधी

आमच्या कॉलनीतल्या दोघी-तिघी माझ्याकडे रविवारी गोधडी शिकायला येतात. चांगल्या मुली आहेत, हौशी आहेत, पण एक गोष्ट मला अजून पचत नाही. त्या दुकानातून नवं कोरं कापड विकत आणतात, त्याचे तुकडे करतात आणि मग ते तुकडे पुन्हा जोडतात. अगं बायांनो, म्हटलं, मग कापलंत कशाला? त्या हसतात. मला म्हणतात, आजी, तुम्ही कुणाकडे शिकलात? मी सांगते की जिनं मला शिकवलं तिनं शिकवताना माझ्या गोधडीला बोटसुद्धा लावलं नाही. त्यांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय.

मला शिवण अजिबात येत नव्हतं. नगरला माहेरी आईचं पायाचं मशीन होतं, पण मी एकदा भावाच्या चड्डीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले, तेव्हापासून आईनं हात जोडले. म्हणाली, "तू आपली पुस्तकं वाच बाई." मी वाचली, मॅट्रिक झाले आणि कोल्हारच्या पलीकडे एका लहानशा गावात मास्तरांची बायको होऊन आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "गोधडी टाकता येती का?" मी नाही म्हटलं. "मग थंडीत काय, पुस्तक पांघरतीस व्हय?" हा आमचा पहिला संवाद. पण बाई मनानं फार चांगली होती, हेही आत्ताच सांगून ठेवते.

पहिलं मूल झालं ते चार दिवसांचं पाहुणं. दुसरा मुलगा, गुटगुटीत, ओळखून हसायला लागलेला. खोकल्याचं निमित्त झालं आणि गेला. त्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, लिहायला बसले तर पुढचं राहूनच जाईल.

तिसऱ्यांदा दिवस राहिले ते दुष्काळाच्या वर्षी. प्रवरेच्या पात्रात झिरे खणून बाया वाटी-वाटीनं हंडे भरत होत्या. घरोघर रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, शाळेत पोरांना सुकडी. गल्लीतल्या धडधाकट बाया-माणसं दिवस उजाडताच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची ती दिवेलागणीला परत यायची. पाचवा महिना सरला तेव्हा आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"ह्या खेपेला नवं कापड लेकराच्या अंगाला लावायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पाच लेकुरवाळ्या घरच्या चिंध्या मागून आन. पदर पसरून मागायचं. त्याची गोधडी कर. तिच्यात गुंडाळलं की सटवीला वाटतं, हे मागत्याचं पोर हाय, हेला न्हेऊन काय करायचं."

मी मॅट्रिक झालेली. एरवी मी त्यांच्याशी वाद घातला असता. पण दोन रिकामे पाळणे पाहिल्यावर मॅट्रिक कुठं जातं कळतसुद्धा नाही. कुणी सांगितलं असतं की नदीत उलटी चाल, तर चालले असते. मी एवढंच विचारलं, "शिवायची कुणी?"

"जिची लेकरं जगली तिनं. न्हाईतर आईनं."

"माझी तर दोन गेली."

"तू आई हायस. आईचा हात चालतोय," आत्याबाई म्हणाल्या.

आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना सुईचं नाकच दिसत नव्हतं. गल्लीतल्या लेकुरवाळ्या बाया संध्याकाळी परत यायच्या तेव्हा हातांना खडीचे फोड आलेले असायचे. त्यांना सुई धरा म्हणणं म्हणजे पाप. राहिले मी, चड्ड्या शिवून बंद करणारी.

आमच्या घराला लागूनच मावशींचं घर. मधे शेराच्या झुडपांचं कुंपण. त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणायची. गोधडी टाकण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. त्यांच्या हातच्या गोधड्या गावातल्या लेकींबरोबर सासरी पार सोनईपर्यंत गेलेल्या. नवरा खडीवर जायचा आणि गल्लीतली सगळी बारकी पोरं दिवसभर मावशींच्या अंगणात असायची. आया सकाळी पोरं सोडून जायच्या. मावशी त्यांची नाकं पुसायच्या, भाकरीचा घास भरवायच्या, भांडणं सोडवायच्या. त्यांचा स्वतःचा एकुलता एक मुलगा शाळेत जायला लागला होता तेव्हा तापानं गेला. त्याला बरीच वर्षं झाली होती.

म्हणजे बघा. सगळ्या गल्लीची पोरं ज्या बाईच्या हवाली, तिचा हात गोधडीला चालणार नव्हता. हे मला आत्याबाईंनी सांगितलं नाही. मावशींनी स्वतःच सांगितलं. मी म्हटलं, "मावशी, मला शिकवा." त्या म्हणाल्या, "शिकवीन की. तोंडानं शिकवीन. हात लावायची न्हाई. माझा दोरा न्हाई, माझी सुई न्हाई. समदं तुझ्या घरचं."

मी चिडले. मी लगेच चिडते, तेव्हाही आणि आत्ताही. "माझी दोन गेली तरी माझा हात चालतो आणि तुमचा एक गेला तर चालत नाही, हा कुठला न्याय?"

"तुझं लेकरू तुझं हाय पोरी. दुसऱ्याच्या लेकरावर माझी सावली कशापायी?" असं म्हणून त्या उठल्या आणि एका पोराच्या तोंडातली माती काढायला गेल्या.

चिंध्या मागायला निघाले तेव्हा कळलं की दुष्काळात चिंधी मिळणंसुद्धा सोपं नसतं. जुनं कापड कुणाकडे होतंच कुठं? जुनं झालेलं अंगावरच होतं. पहिल्या घरच्या बाईकडे दोन लुगडी, एक नेसायचं, एक वाळत घालायचं. तिनं दारात उभ्या उभ्या नेसत्या लुगड्याच्या पदराची दशीकडची बाजू दातानं फाडली आणि माझ्या पदरात टाकली. मी नको नको म्हणाले तर म्हणाली, "पदर कमी झाला तर डुईवरनं घेनार न्हाई, त्यात काय." दुसरीनं तिच्या पोरांच्या डोक्यावरनं उतरत आलेलं टोपडं दिलं. तिसरी दुकानदाराची बायको. तिच्याकडे नव्या कापडाचा तुकडा होता. मी म्हटलं, नवं चालत नाही. तिनं जवळ उभ्या असलेल्या पोराचं नाक त्या तुकड्याला खसाखसा पुसलं आणि म्हणाली, "घ्या, झालं जुनं." मला इतकं हसू आलं की पोट धरून पायरीवर बसले. चौथी चिंधी ख्रिस्ती वस्तीतल्या बाईंची. त्या शाळेत आमच्या ह्यांच्याबरोबर शिकवायच्या, चार मुलं, सगळी खणखणीत. त्यांनी खिडकीच्या पडद्याचा फुलाफुलांचा तुकडा दिला आणि डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. घरी येऊन मी जरा चाचरतच आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेकरं जगली न्हवं तिची? मग झालं तर."

पाचवं घर राहिलं होतं. माझ्या मनात एक विचार होता, पण तो मी कुणाला बोलले नाही.

शिकवणी मावशींच्या अंगणात. मामंजींचं जुनं धोतर धुऊन, घडी घालून जमिनीवर अंथरलं, चार कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, दोन दगड. ते अस्तर. चिंध्या कडेपासून लावत आत यायचं, आणि दोराही कडेनं फिरत फिरत आत. अगदी मधे शेवटचा चौकोन. त्याला मावशी गोधडीचं पोट म्हणायच्या. मावशी माझ्यासमोर दोन्ही हात काखेत घालून बसायच्या. फार झालं तर खराट्याची काडी उचलून दाखवायच्या, हितं टाका घे, हितं दुमड. कापडाला काडी लागणार नाही अशी वरच्यावर धरायच्या.

"दोरा आवळू नको, कापड चुन्या धरतंय."

"टाका जवळ घे. केवढा टाका गं त्यो, कुत्रं पलीकडं जाईल त्यातनं."

"गाठ आत दडव. लेकराच्या गालाला टोचंल."

गालाला म्हटलं की माझा हात थांबायचा. मावशींना ते कळायचं. त्या लगेच म्हणायच्या, "थांबू नको. टाका घालताना इचार करायचा न्हाई, निसता टाका घालायचा." मी आजही हेच करते. मन कशात लागेना झालं की सुई घेऊन बसते.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती, डावा हात कायम गोधडीखाली ठेव, सुईचं टोक बोटाला लागू दे. बोटाला टोचतं म्हणून मी हात काढून घेतला होता. दुपारभर मन लावून शिवलं. चांगली लांबच लांब ओळ झाली. अभिमानानं उठले, तर धोतर, चिंध्या, वरवंटा, सगळं बिऱ्हाड माझ्याबरोबर उठलं. मी गोधडी माझ्याच लुगड्याला शिवली होती. पोरं किंचाळून हसली. मावशी तर अशा हसल्या की डोळ्यांतनं पाणी. आणि हसता हसता, विचार न करता, माझं लुगडं सोडवायला त्यांनी हात पुढे केला. बोटं गोधडीला लागणार एवढ्यात तापल्या तव्यावरनं काढावा तसा मागे घेतला. हसू गेलं. पोरं हसतच होती.

तेव्हा मला राहवलं नाही. तशीच, लुगड्याला गोधडी लटकलेली, मी पदर पसरला आणि म्हटलं, "मावशी, पाचव्या घरची चिंधी तुमची द्या."

त्या एकदम ओरडल्या. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अगं बये, डोकं फिरलं का तुझं? लेकुरवाळ्या घरची मागायची. माझ्या घरात काय हाय? जा, जा हितनं." मी निघाले. मला खूप रडू आलं. माझं चुकलं होतं की नाही, मला ठरवता येईना. एकीकडे वाटे, मी माझ्याच पोटातल्या जिवाशी खेळतेय की काय. दुसरीकडे वाटे, त्या बाईला मी मुद्दाम दुखवलं.

त्यानंतर मावशी शिकवायला बसल्या नाहीत. कुंपणापलीकडनं पोरांशी बोलायच्या, माझ्याशी नाही. मी माझ्या ओसरीवर एकटी शिवत राहिले, डावा हात खाली ठेवून, बोटांची चाळण करून घेत. चारही घरच्या चिंध्या लागल्या. मधला चौकोन तेवढा राहिला, खालचं धोतर दिसत होतं. आत्याबाई बोटांनी चाचपून म्हणायच्या, "पोट उघडंच हाय की गं. वरच्या आळीतनं आन एक चिंधी, लेकुरवाळी काय कमी हायत?"

"आणते उद्या."

"उद्या उद्या करतीस. पोटुशी बाईनं हट्ट करू न्हये."

मी उद्या म्हणत राहिले. हट्टच होता. दुसऱ्या कुणाची चिंधी तिथं लावायला माझा हात होईना.

आणि पोटातल्या पोरीनं घाई केली. भर दुपार, हे शाळेत, आत्याबाई हंडा घेऊन झिऱ्यावर गेलेल्या. गल्लीत मावशींशिवाय मोठं माणूस नाही. कळ अशी आली की मी दाराची चौकट धरली. सुईणीला बोलवायला कोण जाणार? मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "मावशीऽऽ!"

त्या धावत आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. "आत्याबाई कुठं हायती? मी कुनाला तरी..."

"मावशी, मेले मी! या आत!"

तरी त्या उभ्याच. मग मला राग आला. त्या अवस्थेतसुद्धा आला. "हातबित नंतर बघू, आधी धरा मला!" मावशी आत आल्या.

पोरगी त्यांच्याच हातात जन्मली. जन्मली, पण रडेना. ते क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. मावशींनी तिला पालथं घेतलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, आणि तोंडानं एकसारखं, "रड गं बाई, रड गं माजे आई." मी सगळ्या देवांना हाका मारत होते, चौथ्या घरच्या बाईंच्या देवालासुद्धा. आणि पोरगी रडली. अशी रडली की कुंपणापलीकडची सगळी पोरं गप्प झाली.

तिला गुंडाळायला काही नव्हतं. मावशींनी इकडे तिकडे बघितलं. ट्रंकेवर गोधडी होती. "ती घ्या," मी म्हटलं. त्यांनी घेतली, पोरीला गुंडाळलं, माझ्याजवळ ठेवलं. मग त्यांना एकदम भान आलं. स्वतःच्या हातांकडे बघत त्या खालीच बसल्या आणि हुंदके द्यायला लागल्या. "माझा हात लागला गं. पयला माझाच लागला. काय करून बसले मी."

तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या. डोक्यावर हंडा, अंगावर वाळू. त्यांनी रडणारं बाळ ऐकलं, रडणाऱ्या मावशी ऐकल्या. सगळे नियम ह्या बाईनंच घातलेले. दोन नातवंडं तिनं स्वतःच्या मांडीवरनं पोचवलेली. त्यांनी हंडा जपून खाली ठेवला, त्या वर्षी कुणीही कितीही घाईत असलं तरी पाणी सांडत नसे. हात पुसून जवळ आल्या, पोरीचं तोंड चाचपलं, मग गोधडी चाचपली. बोटं मधल्या चौकोनावर थांबली.

"तू कशाला रडतीस?" त्या मावशींना म्हणाल्या. "पोरगी रडती तेवढं पुरं हाय. ऊठ. गोधडीचं पोट उघडं हाय, वारं लागंल लेकराला. जा, तुझ्या घरची चिंधी आन."

मावशींना ते खरं वाटेना. "माझ्या घरची?"

"हिनं तुझ्यासाठीच ठिवलंय ते. मला काय डोळं न्हाईत म्हनून कळत न्हाई व्हय?"

मावशी गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. हातात एक लहान निळा सदरा. धुऊन, घडी घालून, इतकी वर्षं ठेवलेला. आत्याबाईंनी कात्री काढून दिली. मावशींनी ती हातात धरली, परत ठेवली. पुन्हा धरली. "तू काप," मला म्हणाल्या. माझे हात बाळाखाली अडकलेले, आणि मोकळे असते तरी मी ते कापलं नसतं. त्या घरात त्या पोराचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, कापू नका. नुसता खिसा उसवा."

त्यांनी सुईच्या टोकानं खिशाचा एकेक टाका उसवला. सदरा आख्खा राहिला. मग माझ्याच घरच्या सुईदोऱ्यानं त्यांनी तो खिसा गोधडीच्या पोटावर शिवला, माझ्या शेजारी बसून, पोरगी आतच असताना. त्या हाताला काय वेग होता! माझे टाके म्हणजे बैलगाडीचा रस्ता. त्यांनी तीन बाजू शिवल्या आणि दोरा तोडला. वरची बाजू उघडीच ठेवली. खिसा खिसाच राहिला.

भीती काही एका दिवसात जात नाही. पहिलं वर्ष मी पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायचे. मावशी तर रोज सकाळी कुंपणाशी येऊन विचारायच्या, "रडली का गं?" रडली म्हटलं की जायच्या. घरात यायच्या नाहीत, तिला उचलायच्या नाहीत. एवढं होऊनही त्यांची भीती माझ्यापेक्षा मोठी होती. मी कितीदा म्हटलं, घ्या हो तिला. "मोठी हुंदे," म्हणायच्या.

पोरगी मोठी झाली. पाऊस आला, पाट वाहिला, खडीची कामं संपली, बाया आपापल्या शेतात गेल्या. पोरगी ती गोधडी कुठंही ओढत न्यायची. मधल्या खिशात खडे, चिंचोके, पिसं, काय वाट्टेल ते भरून ठेवायची. एकदा तिनं विचारलं, हा खिसा कुणाचा? मी म्हटलं, दादाचा. कोणता दादा? शेजारचा, मावशींचा. तुझ्यासाठी ठेवून गेलाय. मुलांना एवढं पुरतं.

मग एका सकाळी, नेहमीसारख्या मावशी कुंपणाशी आल्या. मी चुलीपाशी होते, आतून दिसत होतं. पोरगी गोधडी फरफटत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि खिसा उलटा करून दाखवला.

"दादाचा खिसा रिकामा झाला," ती म्हणाली.

मावशी शेराला धरून खाली बसल्या. मी उठणार होते, पण उठले नाही. मग त्या घरात गेल्या आणि ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन परत आल्या. पण कुंपणापलीकडे थांबल्या नाहीत. वळसा घालून आमच्या अंगणात आल्या, पोरीला उचलून मांडीवर घेतलं आणि एकेक शेंग खिशात भरायला लागल्या.

"खा," म्हणाल्या, "तुझ्या दादानं दिल्यात."